लय कुठे ठेवायची? : केनी क्लार्क नावाच्या एका ड्रमरची गोष्ट

१९५० नंतरचं जॅझचं कुठलंही बरं रेकॉर्डिंग लावा. माइल्स डेव्हिस लावा, सॉनी रॉलिन्स लावा, जे हाताशी असेल ते. (हेडफोन असेल तर उत्तम, ऑफिसच्या पीसीचे स्पीकर या कामाचे नाहीत.) आता ट्रम्पेट, पियानो वगैरे मंडळींकडे थोडा वेळ चक्क दुर्लक्ष करा आणि मागे धातूची एक झांज सतत वाजतेय ती पकडा. टिंग... टिंग-अ-टिंग... टिंग-अ-टिंग... बरेचदा गाणं संपेपर्यंत ती थांबत नाही. हा आवाज आपल्या कानाला इतका सवयीचा झालाय की "जॅझचे ड्रम कसे वाजतात रे?" असं कोणी विचारलं तर बहुतेक जण तोंडाने हाच आवाज काढून दाखवतील.

गंमत अशी, की जॅझमधली लय पहिल्यापासून तिथे नव्हती. ती आधी दुसरीकडे होती आणि तिथून उचलून या झांजेवर आणून ठेवली गेली. अशा गोष्टी कधीच एकट्यादुकट्याने होत नाहीत हे खरं, पण हे काम तडीला नेणारा माणूस कोण असं विचारलं तर एकच नाव पुढे येतं: केनी क्लार्क. आणि हे केल्याबद्दल त्याला पहिलं बक्षीस काय मिळालं? नोकरी गेली.

आजची गोष्ट या माणसाची.

आधी थोडं हार्डवेअर समजून घेऊ. ड्रमसेट ही मुळात एक जुगाडू वस्तू आहे. अमेरिकेत बँड रस्त्यावरून वाजत जायचे तेव्हा मोठा ढोल एकाच्या गळ्यात, छोटा ड्रम दुसऱ्याकडे आणि झांजा तिसऱ्याकडे असायच्या. बँड नाचघरात येऊन बसले तशी जागा आकसली, पैसेही आकसले. मग पायाने ढोल वाजवायचं पेडल आलं आणि तिघांचं काम एका माणसावर आलं. (तिघांचं काम एकाला देण्याची कल्पना आयटीवाल्यांनी शोधलेली नाही, कृपया नोंद घ्यावी.) त्यामुळे ड्रमरचे चारही हातपाय कामाला लागले. उजवा पाय मोठ्या बेस ड्रमवर, डावा पाय हाय-हॅटच्या जोडझांजेवर, हात स्नेअर आणि बाकीच्या वाद्यांवर.

१९३० च्या दशकात अमेरिकेत स्विंगचा जमाना होता. पंधरा-सोळा जणांचे बँड आणि समोर नाचणारी शेकडो माणसं. नाचणाऱ्याला काय हवं असतं? मात्रा स्पष्ट ऐकू यायला हवी. म्हणून ड्रमरचं पहिलं कर्तव्य हे की उजव्या पायाने बेस ड्रमवर प्रत्येक मात्रेला ठोका द्यायचा. धम्, धम्, धम्, धम्. चारही मात्रा, न चुकता, रात्रभर. हातांनी काय करामती करायच्या त्या करा, पण पाय थांबता कामा नये. थोडक्यात, घराचा पाया बेस ड्रम.

या पायाला पहिला धक्का दिला तो काउंट बेसीच्या बँडमधल्या जो जोन्सने. त्याने लयीचा भार हाय-हॅटवर सरकवला आणि सगळा बँडच जमिनीपासून चार बोटं वर उचलल्यासारखा वाजू लागला. क्लार्क याच्या पुढची पायरी चढला. त्याने लय उजव्या हाताने मोठ्या, एकट्या, टांगलेल्या झांजेवर, म्हणजे राइड सिंबलवर नेली. ही झांज मारली की आवाज लगेच मरत नाही, पसरत राहतो. एक ठोका दुसऱ्यात मिसळतो आणि लयीची एक सलग, चमकती रेघ तयार होते. मग उरलेले तीन अवयव? ते मोकळे!

हे "मोकळे" म्हणजे नेमकं काय ते समजायला आपल्याकडे फार छान उदाहरण आहे. वारकरी भजन आठवा. लय कोणाकडे असते? टाळाकडे. पन्नास टाळ एकसुरात, एकलयीत वाजत असतात, म्हणून तर पखवाजवाल्याला मोकळीक मिळते. तो ठेका धरतो, सोडतो, लग्गी लावतो, मधेच दमदार तुकडा टाकून समेवर येतो. त्याने प्रत्येक मात्रा मोजून दाखवायची गरज नसते, कारण ते काम दुसरं कोणीतरी करतंय. क्लार्कने काय केलं? एकाच माणसाच्या अंगात टाळकरी आणि पखवाजवाला वेगळे केले. उजवा हात टाळकरी झाला, डावा हात आणि उजवा पाय पखवाज.

सॉफ्टवेअरच्या भाषेत याला रिफॅक्टरिंग म्हणता येईल. बाहेरून बघणाऱ्याला फीचर तेच, म्हणजे चार मात्रा आणि तोच टेम्पो. पण आतली जबाबदारी एका मॉड्यूलमधून दुसऱ्यात हलवली आणि त्यामुळे आधी शक्यच नव्हतं असं बरंच काही शक्य झालं.

असो. आता माणसाकडे वळू.

केनी क्लार्कचा जन्म ९ जानेवारी १९१४ चा, पिट्सबर्गचा. पोलादाचं शहर. आई पियानो वाजवायची, सुरुवातीचे सूर तिच्याकडूनच आले. पण तो पाचएक वर्षांचा असताना आई गेली आणि वडील आधीच घरातून निघून गेले होते. पोराची रवानगी कृष्णवर्णीय मुलांच्या अनाथाश्रमात झाली. तिथल्या बँडमध्ये त्याने वेगवेगळी वाद्यं हाताळली आणि शेवटी स्नेअर ड्रमवर स्थिरावला. पुढेही तो नुसता ड्रमर राहिला नाही. पियानो यायचा, व्हायब्राफोन यायचा, स्वररचना कळायची. हा मुद्दा लक्षात ठेवा. नुसती लय नाही तर वर काय चाललंय हेही ज्याला कळतं, तोच लयीचं घर बदलायचं धाडस करतो.

१९३५ च्या सुमारास तो न्यूयॉर्कला आला. एडगर हेजच्या बँडबरोबर १९३८ मध्ये स्कँडिनेव्हियाचा दौराही केला. मग १९३९ मध्ये टेडी हिलच्या बँडमध्ये लागला. इथे त्याच्या शेजारी एक अवली ट्रम्पेटवाला होता, डिझी गिलेस्पी. दोघांचं जमलं.

आता तो प्रसिद्ध किस्सा. क्लार्कने स्वतःच पुढे सांगितलेला आहे. बँड 'ओल मॅन रिव्हर' हे गाणं वाजवत होता आणि टेम्पो इतका भयंकर फास्ट होता की उजव्या पायाने चारही मात्रा मारणं अशक्य होऊन बसलं. पाय दुखून येतो, पेडल मागे पडतं. मग करायचं काय? त्याने लय झांजेवर चालू ठेवली आणि पाय फक्त मोक्याच्या जागी मारला, जिथे बँडला धक्का हवा तिथे. गाणं पडलं नाही. उलट जास्त उडायला लागलं!

म्हणजे सुरुवात चक्क वर्कअराउंडने झाली. पण वर्कअराउंड आपण सगळेच करतो आणि सोमवारी विसरून जातो. क्लार्क विसरला नाही. फास्ट टेम्पोत जे नाइलाजाने केलं ते मध्यम टेम्पोतही का करू नये, असं म्हणून तो मुद्दाम तसंच वाजवायला लागला. झांजेवर लय आणि मधेच अनपेक्षित जागी स्नेअरची टक्क आणि लागोपाठ बेस ड्रमचा धडाका. या आवाजाला मंडळींनी नाव दिलं 'क्लूक-मॉप', आणि त्यावरून क्लार्कचं टोपणनाव पडलं 'क्लूक'. ते जन्मभर चिकटलं. युद्धाचे दिवस होते, त्यामुळे अशा अवचित ठोक्यांना 'बॉम्ब टाकणं' असंही म्हणायला लागले.

बँडमधल्या सगळ्यांना हे आवडलं असं अजिबात नाही. गिलेस्पी खूश होता, कारण त्याच्या डोक्यात जे तिरपे स्वर घोळत होते त्यांना आता खालून उत्तर मिळत होतं. पण ज्यांना वर्षानुवर्षं पायाखालच्या धम्-धम्ची सवय होती त्यांना वाटायचं, या पोराने जमीनच काढून घेतली. तक्रारी झाल्या. टेडी हिलने क्लार्कला काढून टाकलं. हिलचं चुकलं असंही म्हणवत नाही. त्याचा धंदा नाचणाऱ्यांवर होता. नाचणाऱ्याचा पाय चुकला तर बँडचं कंत्राट जातं.

पुढचा भाग मात्र एखाद्या सिनेमात घातला तर "काहीही दाखवतात" म्हणाल. हिलचा बँड मोडला. १९४० मध्ये त्याला हार्लेममध्ये ११८व्या रस्त्यावरचा एक क्लब चालवायला मिळाला. नाव मिंटन्स प्लेहाउस. हेन्री मिंटन नावाच्या सॅक्सोफोन वाजवणाऱ्याने १९३८ मध्ये तो काढला होता. आणि हिलने तिथला बँड उभा करायला कोणाला बोलावलं? ज्याला काढलं होतं त्यालाच. वर हेही सांगितलं की तुझं ते क्लूक-मॉप इथे हवं तेवढं वाजव. मला हिलचं हे वागणं फार आवडतं. नाचघराचा बॉस म्हणून जी गोष्ट त्याला परवडत नव्हती, ती क्लबचा मॅनेजर म्हणून त्याला परवडली. माणूस तोच, गरज बदलली. मिंटन्समध्ये लोक नाचायला येत नव्हते, ऐकायला येत होते.

क्लार्कने पियानोवर एका गप्प, विक्षिप्त तरुणाला घेतलं. त्याचं नाव थेलोनियस मंक. सोमवारी रात्री आसपासच्या थिएटरांतल्या कलाकारांना सुट्टी असे, त्या दिवशी हिल त्यांना जेवण घालायचा आणि मग पहाटेपर्यंत मैफल चालायची. वादकांच्या युनियनचा अशा फुकट मैफलींना विरोध होता, दंडही व्हायचा. पण मिंटन स्वतः युनियनचा पदाधिकारी राहिलेला असल्यामुळे इथे कोणी त्रास देत नसे. आलेल्या नवख्यांना पळवून लावायला मंक आणि मंडळी मुद्दाम अवघड सुरावटी, वाकडी वळणं घालायची. या सगळ्यातून जे संगीत आकाराला आलं त्याला पुढे 'बीबॉप' म्हणू लागले. आधुनिक जॅझची सुरुवात आपण जिथून मोजतो ते हेच. मंकची 'एपिस्ट्रफी' आणि गिलेस्पीची 'सॉल्ट पीनट्स' या दोन गाजलेल्या रचनांवर सहरचनाकार म्हणून केनी क्लार्कचं नाव आहे, हे कित्येक जॅझप्रेमींनाही माहीत नसतं.

या काळाचा एक दुर्मिळ पुरावा आपल्याकडे आहे. जेरी न्यूमन नावाचा कोलंबिया विद्यापीठातला विद्यार्थी डिस्कवर ध्वनिमुद्रण करणारं यंत्र घेऊन हार्लेममध्ये हिंडायचा. मे १९४१ मध्ये त्याने मिंटन्समध्ये गिटारवादक चार्ली ख्रिश्चनला रेकॉर्ड केलं. ड्रमवर क्लार्क. आवाज खरखरीत आहे, पण ऐका. ख्रिश्चन लांबलचक वाक्यं बोलतोय, आणि क्लार्क प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंवा मध्येच "हां! मग?" म्हणतोय. तबलजी आणि गायक यांच्यात जी नजरानजर चालते ना, तीच. दहा महिन्यांनी, मार्च १९४२ मध्ये, ख्रिश्चन क्षयाने गेला. वय अवघं २५. हे रेकॉर्डिंग नसतं तर ती रात्र फक्त म्हाताऱ्यांच्या आठवणीत उरली असती.

इथे एक तांत्रिक मुद्दा. बेस ड्रमने चारही मात्रांचा धडाका थांबवल्यावर आणखी कोणाला मोकळा श्वास मिळाला? डबल बेसला. दोघांचा आवाज खालच्याच पट्टीतला, त्यामुळे पूर्वी ढोलाखाली बेसचा स्वर दबून जायचा. आता चार मात्रा चालवायचं काम बेसवाल्याकडे आणि झांजेकडे मिळून आलं. ड्यूक एलिंग्टनकडच्या जिमी ब्लँटनने याच सुमारास बेस कुठल्या कुठे नेऊन ठेवला होता, तेव्हा वेळही बरोबर जुळून आली. आणि हो, क्लार्कने बेस ड्रम पूर्ण बंद केला असा गैरसमज नको. तो पाय अगदी अलगद, पिसासारखा, ऐकू येण्यापेक्षा जाणवेल इतपत चालू ठेवायचा. जुनी सेवा बंद केली नाही, फक्त तिचा आवाज कमी केला.

आता या कथेतला सगळ्यात कडू भाग.

ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने रेकॉर्ड कंपन्यांविरुद्ध संप पुकारला. मोठ्या कंपन्यांशी समेट व्हायला नोव्हेंबर १९४४ उजाडलं. म्हणजे बीबॉप नेमकं ज्या काळात घडत होतं त्या काळाचं रेकॉर्डिंग जवळजवळ नाहीच. आणि १९४३ मध्ये क्लार्कला सैन्यात भरतीचं बोलावणं आलं. ज्या देशात त्याला पुढच्या दाराने हॉटेलात जाता येईलच असं नव्हतं, त्या देशासाठी लढायला. सैन्यही तेव्हा काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या तुकड्यांचंच होतं. प्रशिक्षणाच्या काळात, १९४४ मध्ये, त्याने कार्मेन मॅक्रे या गायिकेशी लग्न केलं (ती पुढे फार मोठी झाली), आणि मग तो छावणीतून चक्क पळाला. जवळजवळ चार महिने बेपत्ता राहून बँडमध्ये वाजवत होता. पकडला गेला आणि युरोपात पाठवला गेला.

तो परत आला १९४६ मध्ये. तोपर्यंत बीबॉप हार्लेममधून ५२व्या रस्त्यावर आलं होतं, गाजलं होतं, त्याच्यावर भांडणंही सुरू झाली होती. २६ नोव्हेंबर १९४५ ला चार्ली पार्करने 'को-को' रेकॉर्ड केलं, जे आजही या शैलीचा जाहीरनामा मानलं जातं. त्यावर ड्रम कोणाचे? मॅक्स रोचचे. रोच क्लार्कपेक्षा दहा वर्षांनी लहान. असामान्य ड्रमर, यात वादच नाही, आणि क्लार्कचं ऋण त्याने मोकळेपणाने मान्यही केलं. पण जगाने ऐकलं ते रोचला. रेकॉर्डच्या लेबलवर जे नाव असतं ते इतिहासात जातं. कोडमध्ये निदान कोणती ओळ कोणी बदलली याची नोंद राहते. संगीतात सुई लागली नसेल तर काहीच राहत नाही.

परतल्यावर क्लार्क निराश होता, वाजवणं सोडायच्या विचारात होता असं सांगतात. गिलेस्पीने त्याला ओढून आपल्या मोठ्या बँडमध्ये आणलं. त्याच वर्षी त्याने इस्लाम स्वीकारला आणि लियाकत अली सलाम हे नाव घेतलं. व्यासपीठावर मात्र तो केनी क्लार्कच राहिला. त्या पिढीतल्या अनेक कृष्णवर्णीय वादकांनी हा मार्ग धरला होता. श्रद्धा होतीच, शिवाय गुलामगिरीच्या काळातून आलेलं नाव टाकून स्वतः निवडलेलं नाव घेण्याची ओढही होती.

१९४८ च्या सुरुवातीला गिलेस्पीचा बँड युरोपला गेला, पॅरिसला पोचला आणि दौरा संपल्यावर बाकीचे परतले तरी क्लार्क काही महिने तिथेच राहिला. १९४९ च्या पॅरिस जॅझ महोत्सवात माइल्स डेव्हिसच्या मागे तोच होता. तेव्हाही तो दोनेक वर्षं मागे राहिला. याच काळात गायिका ॲनी रॉसपासून त्याला मुलगा झाला. तो मुलगा पुढे क्लार्कच्या भावाच्या घरी, अमेरिकेत वाढला. स्वतः आईबापांविना वाढलेल्या माणसाच्या आयुष्यात ही गोष्ट असावी याची रुखरुख लागते. पण ती आहे, आणि फक्त झांजेबद्दल लिहून ती झाकायची नाही.

१९५१ मध्ये तो अमेरिकेत परत आला. गिलेस्पीच्या बँडमध्ये असताना ट्रम्पेटवाल्यांच्या ओठांना विश्रांती मिळावी म्हणून मधल्या वेळात चौघं जण वाजवायचे. व्हायब्राफोनवर मिल्ट जॅक्सन, पियानोवर जॉन लुईस, बेसवर रे ब्राउन आणि ड्रमवर क्लार्क. त्यातूनच १९५२ मध्ये 'मॉडर्न जॅझ क्वार्टेट' उभं राहिलं. बेसवर आता पर्सी हीथ होता. जॅझमधल्या सर्वांत टिकाऊ आणि प्रतिष्ठित गटांपैकी हा एक. कडक सूट, कॉन्सर्ट हॉल, बाखची आठवण करून देणाऱ्या रचना. १९५५ च्या सुरुवातीला, नाव व्हायला लागलं होतं नेमकं तेव्हा, क्लार्क बाहेर पडला! त्याचं म्हणणं साधं होतं. हे असं दिवाणखान्यातलं संगीत आणखी चार-पाच वर्षं वाजवलं तर मला माझ्या पद्धतीने ड्रम वाजवताच येणार नाहीत. स्थिर नोकरी, नावाजलेली कंपनी, आणि हा म्हणतोय माझा हात बिघडेल. (आपल्यातले किती जण याच कारणाने राजीनामा देतील, विचार करून बघा.)

तसा तो रिकामा नव्हता. त्या दोन-तीन वर्षांत न्यूयॉर्कमधल्या अनेक महत्त्वाच्या रेकॉर्डिंगवर क्लार्क आहे. माइल्सचं 'वॉकिन' १९५४ चं. 'बॅग्स ग्रूव्ह' त्याच वर्षीच्या नाताळच्या आदल्या दिवशीचं, पियानोवर मंक. जून १९५५ मध्ये फ्लोरिडाहून आलेला कॅननबॉल ॲडर्ली नावाचा शाळामास्तर न्यूयॉर्कला धडकला, तर महिना संपायच्या आत क्लार्कने त्याला आपल्या अल्बमसाठी स्टुडिओत नेलं. कॅननबॉलचं हे पहिलंवहिलं रेकॉर्डिंग.

आणि सप्टेंबर १९५६ मध्ये त्याने न्यूयॉर्क सोडलं. पॅरिसला जाक एलियाँच्या बँडमध्ये नोकरी मिळाली होती. या वेळी कायमचा.

का गेला? प्रसिद्धी, पैसा, रेकॉर्ड कंपन्या, सगळं न्यूयॉर्कमध्ये होतं. पण पॅरिसमध्ये रात्री काम संपल्यावर माणूस म्हणून घरी जाता यायचं. कुठे बसायचं, कुठे जेवायचं, पोलिसाने थांबवलं तर काय करायचं, हे गणित सतत डोक्यात चालू ठेवावं लागत नव्हतं. परदेशात मान मिळतो हे कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांना आधीपासून ठाऊक होतं. त्या नकाशावर आपली मुंबईही होती बरं का! १९३५ मध्येच लिऑन ॲबीचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला होता आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड तर मुंबईत वाजवून पुढे कलकत्त्याला स्थायिकच झाला. क्लार्कला तिथे जे मिळालं ते त्याने जपलं. घर, काम, विद्यार्थी आणि झोप.

पॅरिसमध्ये तो अक्षरशः सगळ्यांच्या मागे होता. डिसेंबर १९५७ मध्ये एका रात्रीत माइल्स डेव्हिसने लुई मालच्या पहिल्या कथापटाला संगीत दिलं. पडद्यावर दृश्यं बघत बघत, जवळजवळ उत्स्फूर्त. माइल्सबरोबर तीन तरुण फ्रेंच वादक होते, आणि ड्रमवर क्लार्क. बड पॉवेल पॅरिसला आला तेव्हा त्याच्याबरोबर क्लार्क आणि बेसवादक पिएर मिशेलो. १९६३ मध्ये डेक्स्टर गॉर्डनने 'अवर मॅन इन पॅरिस' रेकॉर्ड केलं, त्याच्याही मागे हेच तिघं. अमेरिकेहून जो येईल त्याला पॅरिसमध्ये एक गोष्ट नक्की मिळायची. पायाखालची जमीन.

१९६१ मध्ये कोलोनच्या जीजी काम्पी या हौशी निर्मात्याच्या पुढाकाराने क्लार्क आणि बेल्जियन पियानोवादक फ्रान्सी बोलाँ यांनी एक मोठा बँड सुरू केला. अर्धे अमेरिकन स्थलांतरित, अर्धे युरोपातल्या डझनभर गावांतले. तो १९७२ पर्यंत चालला. पुढे या बँडमध्ये दुसरा ड्रमरही आला. त्याचं नाव केनी क्लेअर! क्लार्क आणि क्लेअर शेजारी शेजारी, आणि दोघं मिळून एकाच माणसासारखे वाजवायचे. दुसरा ड्रमर आपल्या शेजारी बसवून घ्यायला कोणता ड्रमर तयार होतो? ज्याला प्रत्येक ठोका स्वतःच्या नावावर नको असतो तो. शिवाय दान्ते अगोस्तिनीबरोबर त्याने ड्रम शिकवायची शाळा चालवली आणि शिकायची पुस्तकं काढली. फ्रान्समधल्या ड्रमरांची एक अख्खी पिढी त्यावर वाढली.

१९८३ मध्ये अमेरिकन सरकारच्या कला निधीने त्याला 'जॅझ मास्टर' हा सन्मान दिला. देश सोडल्याला २७ वर्षं झाली होती. २६ जानेवारी १९८५ ला पॅरिसजवळ त्याचं निधन झालं. वय ७१.

इतकं सगळं असूनही ड्रमरांच्या कुठल्याही लोकप्रिय यादीत जीन क्रुपा, बडी रिच, आर्ट ब्लेकी, मॅक्स रोच, एल्विन जोन्स ही नावं आधी येतात आणि क्लार्क बरेचदा नसतोच. त्याची कारणं वर आलीच. पहिल्यांदा तो गैरहजर राहिला ते सरकारने उचलून नेलं म्हणून, आणि दुसऱ्यांदा स्वतःच्या मर्जीने. पण मला तिसरं कारण जास्त खरं वाटतं. क्लार्क लांबलचक सोलो वाजवणाऱ्यांतला नव्हताच. त्याचा शोधच असा होता की तो यशस्वी झाला की दिसेनासा होतो. सगळेच ड्रमर लय झांजेवर ठेवायला लागल्यावर ती 'क्लार्कची पद्धत' राहिली नाही, ती नुसती 'पद्धत' झाली. चांगलं इन्फ्रास्ट्रक्चर असंच असतं. ते आहे हे कळतं ते बंद पडल्यावर, आणि हे तर १९४० पासून बंदच पडलेलं नाही.

याची भरपाई त्याला मिळाली का? नावाच्या हिशोबात नाही. पण टेडी हिलने काढलं तेव्हा, मॉडर्न जॅझ क्वार्टेट सोडलं तेव्हा आणि न्यूयॉर्क सोडलं तेव्हा, तिन्ही वेळा त्याने एकच गोष्ट वाचवली, आपल्या पद्धतीने वाजवणं. आयुष्याच्या शेवटापर्यंत ती त्याच्याजवळ होती. अपयशी माणसाची गोष्ट म्हणून ही वाचू नका, एवढंच माझं म्हणणं.

बाकी वाचून काय कळणार? ऐकलंच पाहिजे. वीकेंड आहे, तर क्रम सांगून ठेवतो. आधी चार्ली ख्रिश्चनचं मिंटन्समधलं १९४१ चं 'स्विंग टू बॉप'. खरखरीकडे दुर्लक्ष करा आणि स्नेअर-बेस ड्रमची मधली उत्तरं ऐका. मग माइल्सचं 'वॉकिन'. तेरा मिनिटं, टेम्पो आरामाचा, झांज अशी चालते की आपण आपोआप मान हलवायला लागतो. आणि शेवटी लुई मालच्या त्या सिनेमातला रात्रीच्या हायवेचा तुकडा. तिथे काठ्याही नाहीत, नुसते ब्रश, आणि गाडी भन्नाट सुटलेली. पहिल्यांदा माइल्स ऐका. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा माइल्सला जाऊ द्या पुढे, आणि मागच्या माणसाबरोबर बसा.